पंचफुलाबाईंची सांदवाडी

माझ्या हातच्या भाजीचं कोणी कौतुक केलं की सुना सांगतात, "आईंच्या माहेरचंच वळण आहे ते." खरं तर माहेरी मला साधा वरणभातही येत नव्हता. चार बहिणींत मी धाकटी. मला कुणी चुलीजवळ बसूच दिलं नाही. मी स्वयंपाक शिकले ती नोकरी लागल्यावर, वयाच्या बाविसाव्या वर्षी. शिकवणाऱ्या बाईंकडे तीन गंज म्हणजे पातेली, एक लोखंडी कढई आणि घरामागे आठ-दहा बाजा मावतील एवढी जागा होती. पंचफुलाबाई त्यांचं नाव.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नर्सचं प्रशिक्षण संपवून मी जुन्नरकडून थेट वऱ्हाडात आले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझं नेमणुकीचं गाव त्याहून आत, आसेगावला एस.टी. सोडून दोन कोस चालत. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत औषधं, दुसरीत अडगळ. राहायला मला देवकाबाई नावाच्या एका विधवा बाईंनी आपल्या घराची पुढची खोली दिली होती. घर बऱ्यापैकी खातंपितं. देवकाबाई, त्यांचा मुलगा आणि सून निर्मला. निर्मला माझ्याच वयाची.

उपकेंद्राच्या भिंतीवर मी एक सरकारी तक्ता लावला होता. त्यात हिरव्यागार पालेभाज्या, लालबुंद गाजरं आणि एक हसणारी गरोदर बाई. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी छडीने तो तक्ता दाखवून भाषण देई. एके सकाळी एक बाई नवऱ्याला पायातला काटा काढायला घेऊन आली. पन्नाशीची असेल. काळीसावळी, उंच, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. मी काटा काढेपर्यंत ती तक्त्यासमोर उभी होती. याच पंचफुलाबाई.

"हे भाजी कोनती वो, सिस्टरबाई?"

"पालक. रक्त वाढतं त्यानं."

"अस्सं. आन तुमी काय खाल्लं आज?"

मी चहा आणि दोन टोस्ट खाल्ले होते. कालही तेच. परवा स्टोव्हवर वांग्याची भाजी केली होती, ती खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. मी खरं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, "चाला, तुमी घरी चाला लंगडत. म्या या बाईले घेऊन येतो."

अशी मी त्यांच्या सांदवाडीत पहिल्यांदा गेले. घरामागच्या मोकळ्या जागेला तिकडे सांदवाडी म्हणतात. बौद्धपुऱ्यातलं शेवटचं घर त्यांचं. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, आत बुद्धाची तसबीर, आणि मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की एकदम हिरवं. न्हाणीचं पाणी एका चरातून वांग्यांना जाई. भांडी घासलेलं पाणी अळूला. कुडावर दोडक्याचा आणि चवळीचा वेल, छपरावर कोहळं, कोपऱ्यात शेवगा, वाफ्यात अंबाडी, मेथी, सांभार. आमच्याकडे कोथिंबीर म्हणतात तिला तिथे सांभार म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. कारण त्यांनी "सांभार तोडा" म्हटल्यावर मी पाच मिनिटं नुसती उभी होते.

त्यांची रीत अशी, की आधी चूल पेटवायची, कढई चढवायची, आणि मग भाजी तोडायला जायचं. मला हा उलटा कारभार वाटला. त्या दिवशी त्यांनी चवळीच्या कोवळ्या शेंगा तोडल्या, एक शेंग कच्चीच चावून पाहिली, बाकीच्या बोटांनी मोडल्या. विळी घेतलीच नाही. "विळी लागली म्हंजे शेंग जून झाली समजाचं," म्हणाल्या. कढईत जरासं तेल, ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, शेंगा, मीठ. वर ताटली झाकली आणि ताटलीत पाणी ओतलं.

"पाणी आत नाही घालायचं?"

"तिच्या आंगात हाये की तिचं पानी. आपन कायले टाकाचं?"

ताटलीतलं पाणी वाफाळायला लागलं तशी त्यांनी कढई उतरवली. भाकरीवर ती भाजी वाढून माझ्यासमोर ठेवली. मी जेवले. पोटभर, अगदी अधाशासारखी जेवले. गरम भाकर, हिरवीकच्च शेंग, लसणाचा वास. मसाला काहीच नव्हता. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मसाला वाईट नसते. पन आदी भाजीले बोलू द्या ना. तिचं झाल्यावर मसाल्याले बोलाव."

त्यानंतर दुपारी उपकेंद्र बंद केलं की मी तिकडे जाऊ लागले. त्यांनी मला कधी 'शिकवते' असं म्हटलं नाही. फक्त हातात काहीतरी देत. दोडका हातात आला की शिरा आधी काढून बाजूला ठेवायच्या. त्या तव्यावर जवसासोबत भाजून चटणी होई. अंबाडी उकळून तिचं आंबट पाणी काढायचं, ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ घालून घोटायची आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाचं कडकडीत तेल. वांगं आरात, म्हणजे निखाऱ्यांत भाजायचं, सोलायचं, कच्चा कांदा आणि मीठ घालून हातानेच कुस्करायचं. मुळ्याचा पाला फेकायला निघाले तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं. "बाई, मुळ्यापरीस पालाच खावा. तुमच्या चित्रात नाई काय थो?" चित्रात तो खरंच नव्हता.

त्यांचे यजमान गंगारामभाऊ. फार कमी बोलणारा माणूस. दुसऱ्यांच्या वावरात कामाला जात, संध्याकाळी सांदवाडीला पाणी घालत. जेवताना ते दोनच शब्द बोलत: "बरं हाये." कारलं असो, कोहळं असो, बरं हाये. एकदा पंचफुलाबाईंनी माझ्या देखत मुद्दाम मेथीत मीठ घातलं नाही. मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. भाऊ जेवले, हात धुतला.

"कसं झालं वो?"

"बरं हाये."

"मीठ?"

भाऊंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. "तेई बरं हाये."

बाई इतक्या हसल्या की चुलीजवळची राख उडाली. मग त्यांनी मीठ घालून पुन्हा वाढलं, आणि भाऊंनी पुन्हा तितक्याच मनापासून सांगितलं, बरं हाये.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून खाली बघावंसं वाटतं.

तीन-चार महिने झाले असतील. एक दिवस देवकाबाई माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "सिस्टर, तुमी बौद्धपुऱ्यात जेवता असं गाव सांगून राह्यलं. दवापानी करा, कोनी नाई म्हनत नाई. पन तथी जेवून माह्या घरात येनं, पान्याच्या गुंडाले हात लावनं, हे जमनार नाई. राहाचं असन तं जेवन सोडा."

मी बावीस वर्षांची. परक्या मुलखात एकटी. दुसरी खोली मिळणार नाही ही भीती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बौद्धपुऱ्यात गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पंचफुलाबाई विहिरीच्या वाटेवर दिसल्या तेव्हा मी हातातल्या रजिस्टरात पाहत राहिले. त्यांनी मला हाक मारली नाही. त्यांना कुणी काही सांगितलं नसेल, पण सांगायची गरजही नव्हती. असं याआधी कितीदा झालं असेल त्यांच्यासोबत.

तीन आठवडे मी पुन्हा चहा-टोस्टवर आले.

त्याच दिवसांत निर्मलाला सातवा महिना लागला होता. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. पायांवर सूज. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिला उलटून पडत. तिच्या ताटात काय असतं ते मी घरातच राहत असल्याने पाहत होते. भाकर, डाळ, लोणचं. भाजी बाजारच्या दिवशी यायची आणि पुरुष जेवल्यावर फार तर रस्सा उरायचा. मी देवकाबाईंना पालेभाजीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमी काय पाला खाऊन लेकरं जन्माले घातले?"

तेवढ्यात वरून कागद आला, की गावात पोषक आहाराचं प्रात्यक्षिक होणार. वाशीमहून एक अधिकारी मॅडम जीपने आल्या. शाळेच्या पडवीत चाळीसेक बाया जमल्या. पुढे गावातल्या, मागे पडवीच्या खाली बौद्धपुऱ्यातल्या. मॅडमनी सोबत स्टोव्ह आणि बाजारातून घेतलेली भाजी आणली होती. मे महिन्यातल्या उन्हात जीपच्या मागे ती भाजी उकडून निघाली होती. पालक काळपट, चिकट. त्यात स्टोव्हचं तोंड बुजलं आणि पिन आतच मोडली. मॅडम घामाघूम. बाया उठायला लागल्या.

मी कशी बोलले मला माहीत नाही. पण मी पडवीच्या टोकाला गेले आणि म्हटलं, "पंचफुलाबाई, तुम्ही कराल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी आमची नजर पहिल्यांदा मिळाली.

"म्या करन," त्या म्हणाल्या. "खानार कोन?"

"मी."

"तुमी तं सोडलं ना खानं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चाळीस बायांसमोर त्यांनी फक्त झालेली गोष्ट सांगितली. माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. मी म्हटलं, "हो, सोडलं होतं. चुकलं माझं."

त्या उठल्या आणि घरी गेल्या. येतील की नाही कुणाला कळेना. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग त्या आल्या. ओटीत शेवग्याचा कोवळा पाला आणि मुगाची डाळ, हातात ती लोखंडी कढई, मागे गंगारामभाऊंच्या डोक्यावर सरपण. शाळेच्या आवारात तीन दगड मांडून त्यांनी चूल पेटवली. डाळ अर्धी शिजू दिली, त्यात पाला टाकला, मिरची, लसूण, मीठ. तोवर दुसऱ्या दोघी-तिघी बौद्धपुऱ्यातून भाकरी घेऊन आल्या. मॅडम शहाण्या. त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला आणि पंचफुलाबाईंशेजारी उकिडव्या बसून विचारू लागल्या, पाला कधी तोडायचा, किती शिजवायचा. त्या सांगत होत्या, "रंग हाये तवाच उतरवाचं. काळा पडला का मंग त्यात काय राह्यलं?"

मी पहिलं पान घेतलं आणि सगळ्यांच्या समोर बसून खाल्लं. मॅडमनी दुसरं घेतलं. तिसरं कुणी घेईना. लसणाचा वास साऱ्या आवारात भरला होता आणि पुढे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहत होत्या.

मग निर्मला उठली. एका हाताने कंबर धरून, सुजलेली पावलं टाकत ती चुलीपाशी आली आणि पान पुढे केलं.

"निर्मला!" देवकाबाई ओरडल्या.

"आत्याबाई, मले भूक लागली," निर्मला म्हणाली. एवढंच. आणि ती खाली बसून खायला लागली. पंचफुलाबाईंनी तिला तीनदा वाढलं. देवकाबाई तडक निघून गेल्या. त्यांच्या मागे दहाबारा बायाही गेल्या. पण बाकीच्या बसल्या, आणि कढई रिकामी झाली.

त्या संध्याकाळी माझी पेटी देवकाबाईंच्या ओसरीवर आणून ठेवलेली होती. मी ती उचलून उपकेंद्राच्या अडगळीच्या खोलीत नेली आणि पुढची सगळी वर्षं तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुलाबाईंकडे गेले. त्यांनी मेथीची जुडी समोर टाकली. निवडता निवडता त्या म्हणाल्या,

"म्या लहान असतानी आमची माय गावातून अन्न मागून आने. ज्याच्या घरी जे उरलं ते. कालची भाजी, परवाची डाळ. कदी बुरशी असे, थे काढून टाकाची आन खाची. मले वाटे, भाजीचा वास असाच असते, आंबूस. मंग दीक्षा घेतली. मागनं बंद. आमच्या लोकायनं ठरवलं, कोनाच्या दारात नाई जाचं. त्याच साली म्या हे सांदवाडी केली. पयलं वांगं लागलं तं भाजलं, आन खाल्लं. बाई, म्या रडली. पस्तीस वरसाची झाली होती, आन ताज्या भाजीचा वास मले त्या दिवशी मालूम झाला."

मी मान खाली घालून काड्या मोडत राहिले. कढई आधी चढवून मग भाजी तोडायला जाण्याची त्यांची रीत मला तेव्हा कुठे समजली. मी म्हटलं, "बाई, मी त्या तीन आठवड्यांत—"

"झालं ना थे. पुरानं काहून शिजवाचं? मेथी निवडा."

निर्मला मग रोज दुपारी उपकेंद्रात 'तपासायला' येऊ लागली. तपासणी म्हणजे पंचफुलाबाईंनी झाकून ठेवलेला वाटा. कधी शेवग्याचा पाला, कधी अळू, कधी नुसती वाफवलेली चवळीची पानं आणि लिंबू. दोन महिन्यांनी तिची सुटका झाली. बाळंतपण मीच केलं. दोघी सुखरूप. मुलगी झाली, चांगली रडणारी. मला पक्कं ठाऊक आहे, त्या पोरीच्या अंगातलं रक्त गोळ्यांपेक्षा त्या सांदवाडीतून जास्त आलं.

देवकाबाई पंचफुलाबाईंच्या हातचं कधीच जेवल्या नाहीत. पण नात झाल्यावर महिन्याभराने त्यांनी निर्मलासोबत एक चिंधी पाठवली. तिच्यात लवकीच्या, म्हणजे दुधी भोपळ्याच्या बिया होत्या. कशासाठी, निरोप काही नाही. मला राग आला. पंचफुलाबाईंनी बिया तळहातावर घेऊन एकेक दाबून पाहिल्या. "चांगल्या हायेत. बुढीनं निवडून देल्या," म्हणाल्या आणि कुडाजवळ आळी करायला बसल्या.

पुढे दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. विहिरी तळाला गेल्या. सांदवाडीत शेवगा, अळूची चार पानं आणि एक दोडक्याचा वेल एवढंच जगलं. आंघोळ करताना बाई दगडाखाली घमेलं ठेवत आणि ते पाणी वेलाला घालत. त्या शेवग्याच्या पाल्यावर बौद्धपुऱ्यातली किती लेकरं त्या उन्हाळ्यात निभावली ते मी पाहिलं आहे. गावातल्या बायाही येत. पडवीतून उठून गेलेल्या होत्या, त्यांच्यातल्याही. पंचफुलाबाई फांदी वाकवून धरत आणि म्हणत, "कोवळा घ्या. वरचा तोडा, म्हंजे उद्या फुटन."

पाच-सहा वर्षांनी माझी बदली कारंजा तालुक्यात धनजच्या बाजूला झाली. लग्न झालं, पहिला मुलगा झाला. नव्या जागी उपकेंद्रामागे मी पहिल्या महिन्यातच वाफे केले. येणाऱ्या बायांना तक्ता दाखवण्याऐवजी कढई दाखवायला लागले. मला सरकारी कामात जे काही शाबासकीचं मिळालं ते ह्यामुळेच, आणि त्याचा कागद माझ्याच नावावर आला. पंचफुलाबाईंचं नाव त्यात घालायला रकाना नव्हता.

मधे दोनेक वर्षं गेली. वाशीमला कचेरीच्या कामाला गेले होते, परतीला वाट वाकडी करून आसेगावला उतरले आणि चालत गेले. पंचफुलाबाई मागच्या दाराशी बाजेवर बसलेल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. डोळ्यांवर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुरापाशी जायचं नाही असं बजावलं होतं. भाऊ तेवढे आठ दिवस भाकर आणि तिखट-मीठ खाऊ घालत होते.

"कोन हाये?"

मी नाव सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, माझा चेहरा चाचपला, पोरगं कसं आहे विचारलं. मी म्हटलं, "बाई, आज तुम्ही बसा."

भाऊंनी चूल पेटवून दिली. मी सांदवाडीत गेले. दोडके लागले होते. कोवळे पाहून तीन तोडले, फोडणीला टाकले, शिरांची चटणी केली, दोन भाकरी थापल्या. माझ्या भाकरी त्यांच्याइतक्या गोल कधीच झाल्या नाहीत. एवढा वेळ त्यांनी मीठ किती, जाळ किती, काहीच विचारलं नाही. मी ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पहिला घास त्यांच्या हातात दिला.

त्या सावकाश जेवल्या. ताट पुसून घेतलं.

"अजून हाये?"

"आहे ना."

"वाढ मंग, पोरी."

मी वाढलं. त्या पुन्हा जेवल्या. भाऊ समोर जेवत होते. मी भांडी घासून आले तोवर पंचफुलाबाई बाजेवर आडव्या झाल्या होत्या. पट्टीखाली चेहरा निवांत, तोंड थोडं उघडं, चांगल्या घोरत होत्या. भर दुपारी. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसाउजेडी आडवं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला एस.टी. गाठायची होती. भाऊ त्यांना उठवायला निघाले. मी मानेने नको म्हटलं. पायांशी पडलेलं लुगड्याचं टोक त्यांच्या पावलांवर ओढून घेतलं आणि कुडाचं फाटक वाजणार नाही अशा बेताने लावून निघाले.